नळीतली रेघ

वॅगन माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
दारांखालचा पत्रा मिठानं खाल्लाय.
डकोटात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं,
बर्फ वितळतो, गाड्या गंजतात,
आणि एप्रिलमध्ये जो तो गुडघे टेकून
आपल्या गाडीखाली बघतो, काय उरलंय.

इंजिन मात्र खणखणीत.
इंजेक्टर मोठे बसवले, टाकीतला पंप बदलला,
रबराच्या जुन्या नळ्या काढून
दारूला न भिणाऱ्या नळ्या घातल्या.
दारू हा शब्द मी गॅरेजमध्ये हळू उच्चारते.
भिंतीपलीकडे वडील टीव्ही बघत असतात.
मोठ्यानं म्हणायचं तर इथेनॉल म्हणते,
किंवा नुसतं मका.
गावाबाहेरच्या कारखान्याची वाफ रात्रभर
आमच्या छपरावरून जाते,
आंबलेल्या पावाच्या वासाची.
त्या वासाला इथे कुणीच नाव देत नाही.

पंपावर लिहिलंय पंच्याऐंशी टक्के.
त्यावर विसंबू नकोस, ड्वेन म्हणाला.
काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी,
वर इंधन, तोंडावर अंगठा,
हलवायचं आणि गप्प बसायचं.
मद्यार्क पेट्रोलचा हात सोडून
पाण्याकडे जातो,
आणि मधली रेघ वर सरकते.
जानेवारीत सत्तर निघालं.
लबाडी नव्हे. थंडीत पेट्रोल जास्त मिसळतात,
नाहीतर सकाळी काहीच पेटत नाही.

पहिली टाकी भरली आणि तिसऱ्या दिवशी
धान्याच्या कोठारांजवळ गाडी मेली.
फिल्टर उघडला तर आत काळा राब.
तीस वर्षांचं पेट्रोल टाकीच्या भिंतींना
जे जे चिकटवून गेलं होतं
ते इथेनॉलनं दोन दिवसांत सोडवलं.
दुसरा फिल्टर घे, ड्वेन म्हणाला,
मग तिसरा घे. मग चालेल.

त्या संध्याकाळी वडील गॅरेजमध्ये आले.
हालवर सोरेन्सन, अकरा वर्षं एक थेंब नाही.
फिल्टर उचलला, नाकाशी नेला.
माझ्या हातातला पाना जागच्या जागी राहिला.
"पिता येतं हे?"
"नाही. कारखान्यातच थोडं पेट्रोल घालतात,
कुणी पिऊ नये म्हणून. नियम आहे."
त्यांनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट.
"माझ्या वेळी नव्हता," म्हणाले.
हसले की नाही, दिवा मागे होता, दिसलं नाही.

मग चाकांकडे गेले.
नाणं काढून टायरच्या खाचांत घालत
एकेका चाकाशी वाकले.
"मागचं डावं नवं आहे."
"पंक्चर झालं होतं, एकच बदललं."
"चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला असं चालत नाही.
चौघं सारखीच झिजलेली हवीत.
एक वेगळं फिरलं तर ताण मधल्यावर येतो,
तो बिचारा जळून जातो, आवाजही न करता."

आई आता फार्गोला सोल्वेगकडे राहते.
मी काही बोलले नाही.
तेही थोडा वेळ काही बोलले नाहीत.
नाणं खिशात टाकलं.
शनिवारी ते स्वतः जाऊन
तीन जुने टायर घेऊन आले,
चौथ्याशी जुळणारे नव्हेत, पण जवळपास.
मग चौथाही आणला.

गुरुवारी शून्याखाली बावीस.
चर्चच्या तळघरात त्यांची बैठक असते,
त्यांचा ट्रक ड्वेनकडे उघडा पडलाय.
त्यांनी किल्ली मागितली, प्रथमच.
ते आत, मी बॉनेट उघडून बाहेर.
एकदा फिरवलं. नाही.
दोनदा. खोकला, पुन्हा नाही.
"अजून एकदा," ते काचेतून म्हणाले,
कुणाला, कोण जाणे.
तिसऱ्यांदा धरलं, थरथरत,
आणि मागून गोडसर धूर निघाला.

मी खिडकीशी वाकले. "टाकी बघत जा,
पहिल्यापेक्षा जास्त पिते ही."
"किती?"
"तीसएक टक्के."
त्यांनी गिअर टाकला,
चारही चाकांनी बर्फ एकदमच धरला.
"मग कमीच म्हणायची," म्हणाले,
आणि गेले.